साडेसात हजार फुटांवर माझा कुकर

"तुला त्रास होणार असेल तर नको येऊस गं, आम्ही समजून घेऊ," समीर फोनवर फार गोड आवाजात म्हणाला. त्याच क्षणी ठरवलं, या वर्षीही कॅम्पिंगला जायचं. आणि माझी भांडी घेऊन जायचं.

मला सिलिअॅक हा आजार आहे. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी आतडी संप पुकारतात. समीर माझा नागपूरचा कॉलेजमित्र, आता इथे परदेशात, वाळवंटातल्या चँडलर शहरात, माझ्याच ऑफिसात. मागच्या वर्षी मी त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या, अश्विनीच्या, बरोबर कॅम्पिंगला गेले होते. त्याने नूडल्स उकळलेलं पातेलं नुसतं खंगाळून त्यातच माझा भात लावला. मला दिसलं होतं. मूड जाऊ नये म्हणून गप्प बसले, जेवले आणि पुढचे दोन दिवस तंबू आणि टॉयलेट यांच्यात येरझाऱ्या घातल्या. ते दोघं तलावात कायाकिंग करत होते.

या वर्षीची तयारी आठवडाभर आधी सुरू केली. कॅम्पिंगला हलकंच हवं असं सगळे म्हणतात म्हणून आधी टायटॅनियमचं भांडं आणलं. बाल्कनीत स्टोव्ह पेटवून त्यात भात लावला. मधे करपला, कडेला कच्चा! पातळ धातू, आच एकाच जागी. दुकानात परत करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या पिकल्या मिशांच्या काकांनी विचारलं, "भांडी पाठीवर घेऊन किती मैल चालणार?"

"पार्किंगपासून टेबलापर्यंत," मी म्हटलं.

"मग वजन कशाला मोजतेस? तुला जेवायचंय ना?"

पटलं. जाड बुडाचा स्टीलचा दोन लिटरचा नवा कुकर, लोखंडी तवा, झाकणाचं एक पातेलं, लाकडी कालथा. सगळ्यांवर लाल टेप, म्हणजे फक्त माझं. एका बर्नरच्या चिमुकल्या स्टोव्हवर कुकर डुगडुगतो, म्हणून दोन बर्नरचा पसरट स्टोव्ह घेतला. कुकर घ्याच, हा माझा सल्ला. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. हिंगही बघून घ्या, बऱ्याच डब्यांत गव्हाचं पीठ असतं.

शुक्रवारी दुपारी निघालो. चँडलरहून ८७ नंबरचा रस्ता सरळ उत्तरेला पेसन गावाला जातो. सग्वारो निवडुंग मागे पडतात, डोंगराचा चढ सुरू होतो. पेसनला पेट्रोल आणि बर्फ घ्या, पुढे भरवसा नाही. तिथून २६० नंबरच्या रस्त्यावर उजवीकडे वळून साडेसात हजार फुटांवरच्या मोगोयॉन रिम या पठाराच्या कड्यावर चढलो तर खिडकीतून चक्क थंड वारा! खाली एकशे पाच फॅरनहाइट, म्हणजे चाळीस सेल्सिअस, इथे पाइनची सावली. उन्हाळ्यात शेकोटीला बहुतेक बंदी असते, गॅस स्टोव्ह चालतो. निघण्याआधी नियम बघा.

तलावाजवळच्या आमच्या कॅम्पसाइटला एकच लांब टेबल. मी माझा स्टोव्ह दुसऱ्या टोकाला मांडला.

"कॅम्पिंगला कुकर? यार, पिकनिकला आलीयेस का?" समीर हसला. तो गव्हाचा पास्ता ढवळत होता.

मी भाकरी थापल्या, भात शिजवला. वारा जोरात होता, गाडीच्या आडोशाला स्टोव्ह सरकवल्यावर आच स्थिर झाली. तीन शिट्ट्यांत डाळ मऊ. वर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. तलावापर्यंत वास गेला असेल.

"काय वास आहे राव!" म्हणत समीर आला आणि मी हात पुढे करेपर्यंत पास्त्याचा चमचा थेट माझ्या कुकरमध्ये बुडवून त्याने चव घेतली.

"समीर, काय केलंस?"

"अरे, चमचाभर! वरवरची काढून टाक ना."

अश्विनीने मान खाली घातली. मागच्या वर्षीची मी असते तर वरवरची काढून टाकली असती. मी कुकर उचलला, सगळी डाळ कचऱ्याच्या पिशवीत ओतली आणि पिशवी अस्वलांनी उघडू नये म्हणून ठेवलेल्या कुलूपबंद कचरापेटीत टाकून आले.

"वेडी आहेस का? एवढ्याशासाठी?" समीरचा आवाज चढला.

"एवढ्याशानं मी मागच्या वर्षी दोन दिवस ओकत होते. तू त्याला 'पोट बिघडलं' म्हणालास. मीही 'हो' म्हणाले. आता नाही म्हणणार. या टोकाला हात लावायचा नाही."

कुकर साबणाने घासला, दोनदा धुतला, रिंग काढून पुन्हा धुतली. नवी डाळ टाकली. पुन्हा शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतला माणूस दचकून बाहेर आला. मी त्याला हात हलवला.

डाळ तयार झाली तशी अश्विनी उठली, हात धुतले, कागदी प्लेट घेऊन माझ्या बाजूला येऊन बसली. "मला वाढशील? तुझ्याच चमच्याने," ती म्हणाली. मी वाढलं. समीर पास्ता खात राहिला.

रविवारपर्यंत मी तलावाची पूर्ण फेरी मारली, कायाकिंग केलं आणि एकदाही आजारी पडले नाही. समीर निघेपर्यंत घुश्शातच होता. त्याने माफी मागितली नाही, मीही समजूत काढली नाही. मैत्री राहील की नाही, ठाऊक नाही.

घरी आल्यावर आईचा व्हिडिओ कॉल. तिने ताटातलं शीत कधी टाकू दिलं नाही आम्हाला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अख्खा कुकर ओतलास?"

"हो."

तिने फोन जवळ धरून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंस. मला नसतं जमलं."