समिंदर पेंटर आणि शिनोलीच्या शाळेची भिंत

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, मला हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर माझ्याच्यानं राहवणार नाही. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या, दुकानात गिऱ्हाईक यायच्या आत संपवायचंय.

आमच्या घोडेगावात समिंदर पेंटर म्हणून एक काका होते. होते म्हणजे आहेत, ठणठणीत आहेत, फक्त आता घोडेगावात नाहीत. खरं नाव त्यांनी स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचायचंच नाही, कारण नावामागं भला मोठा समुद्र. आणि फक्त स्वतःच्या पाटीवर असं नाही. ट्रॉलीमागं गाय-वासरू काढा म्हणून सांगा, गाय-वासरू यायचं आणि गायीच्या मागं समुद्र. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर दात, दाताच्या मागं समुद्र. बैलगाडा शर्यतीची जोडी काढली तर ती पण समुद्राच्या कडेनं पळणार. गिऱ्हाईक म्हणायचं, "पेंटर, आपल्याकडं कुठनं आला समिंदर?" काका ब्रश न थांबवता म्हणायचे, "मागं मोकळी जागा बरी दिसत न्हाई राव."

आणि गंमत ऐका. अठ्ठावन्न वर्षांचं वय, आणि काकांनी समुद्र कधी बघितलेलाच नव्हता.

मग शिकले कुठं? डिंभ्याच्या धरणावर. रोज सकाळी जुन्या मोपेडवरून धरणाकडं जायचे, पाण्याच्या कडेला बसायचे, अर्धा तास नुसते बघायचे, परत येऊन दुकान उघडायचे. त्यांच्या हिशेबानं पाणी ते पाणी. म्हणायचे, "समिंदर म्हंजी डिंभ्याचाच थोरला भाऊ. ह्याला भिंत हाय, त्याला न्हाई, येवढाच फरक."

रंग कालवला की तो बघायचे डाव्या हाताच्या नखांवर. अंगठ्यावर सकाळचा निळा, मधल्या बोटावर दुपारचा, करंगळीवर दिवस मावळतानाचा. पाच नखं, पाच निळे. त्यांच्या बायकोला आम्ही काकूच म्हणायचो, त्या वैतागायच्या. "जेवाय बसलं की आधी बोटांकडं बघत्यात, मग ताटाकडं. कवातरी माझ्याकडं बी बघावं."

आमची दुकानं समोरासमोर. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, म्हणजे तसं बघायला गेलं तर त्यांचं निम्मं काम आम्हीच पळवलं. तरी चहाला ते आमच्याकडंच. खुर्ची ओढायची आणि विचारायचं, "काय गं, आज किती भावी सरपंच छापलं?" मी म्हणायचे, "दोन. आणि एक बारसं." "मंग बारशाचा नीट छाप. त्यो तरी खरंच जल्माला आलाय."

आता भिंतीकडं येते.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिनोलीच्या शाळेनं त्यांना बाहेरची आख्खी भिंत दिली. त्यावर काय काढायचं, तर समुद्र. पोरांना माहीत व्हावा म्हणून. काकांना असा आनंद झाला की मला दुकानातून ओढून नेलं भिंत दाखवायला. "इतकी वर्सं मी न मागता देत व्हतो गं. पयल्यांदा कुणीतरी मागितला." सहा दिवस भिंतीला चिकटून होते. निळं, निळं, निळं. नुसतं बघून गार वाटायचं.

सहाव्या दिवशी शाळेत नवीन मॅडम हजर झाल्या. बदली होऊन आलेल्या, माहेर अलिबागच्या पुढं, अगदी समुद्राला लागून. मी शाळेचा फ्लेक्स द्यायला गेले होते, त्यामुळं हे माझ्यासमोर झालं. मॅडम भिंतीसमोर उभ्या राहिल्या, मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "किती सुंदर काढलंय हो. डिंभ्याचं धरण ना?"

हेडमास्तर हळूच म्हणाले, "मॅडम, समुद्र आहे तो." मॅडमचं तोंड एवढंसं झालं. काकांनी कपाळाला हात लावला नाही, रागावले नाहीत, काही नाही. ब्रश धुतले, डबे बांधले आणि भिंत अर्धी टाकून घरी गेले.

आठ दिवस दुकान बंद. मग काकू माझ्याकडं आल्या आणि काउंटरला धरून म्हणाल्या, "नखं धुतली गं त्यांनी. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा धुतल्याली नखं बघितली मी." मला तेव्हा कळलं की हे साधं नाही. संध्याकाळी घरी गेले तर काका खाटेवर बसून.

"ह्या तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांमागं मी समिंदर म्हणून धरण गळ्यात मारलंय," ते म्हणाले. "आजवर वळखणारं कुणी भेटलंच न्हाई. ज्या दिवशी भेटलं, त्या दिवशी त्यानं वळखलं न्हाई."

"काका, त्या काही मुद्दाम म्हणाल्या नाहीत."

"म्हणूनच तर. मुद्दाम म्हणल्या असत्या तर मी भांडलो असतो." मग म्हणाले, "शाळा उघडल त्या दिवशी त्या बाईला न सांगता समिंदर वळखू आला, तर ब्रश हातात. न्हाईतर समदे हिरीत टाकनार."

आणि ते टाकणार होते. काकांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

मीच जाऊन मॅडमना सांगितलं, ती अट सोडून बाकी सगळं. त्यांच्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणाल्या, "माझ्या माहेरी जा सगळे. माझा भाऊ मासेमारी करतो. चार दिवस राहा, हवं ते बघा." मग काय, मे महिन्यात काका, काकू आणि मी, भाकऱ्या आणि रंगाचे डबे घेऊन निघालो. पुणे, अलिबाग, तिथून पुढं टमटम. पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, सुरूच्या झाडांमागून आवाज येत होता. काकूंना वाटलं मळणीयंत्र चालू आहे.

झाडं संपली आणि समोर तो. काका उभेच राहिले. काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्याचा पल्याडचा काठ कुठं गेला?" काकांनी ओंजळभर पाणी घेऊन चाखलं, थुंकले, परत चाखलं. मग बोलले ते एवढंच, "ह्यो उभाच ऱ्हाईना गं. ह्येला कुटं धरू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेलो तर पाणी लांब गेलेलं. काल जिथं लाटा होत्या तिथं ओली वाळू. आता आम्ही पडलो धरणाकाठची माणसं. आमच्याकडं उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, मोकळ्या झालेल्या गाळात लोक पेरतात, आणि पाणी परत येतं ते थेट पावसाळ्यात. त्यामुळं काकू म्हणाल्या, "यंदा लवकर उतरलं म्हणायचं." काका म्हणाले, "उतरणारच. मे म्हयना हाय." काकूंनी वाळू चिमटीत घेऊन बघितली. "लई रेताड हाय. न्हाईतर काकडी झाली असती." आणि मी? मी भूगोलात भरती-ओहोटीचं चार मार्कांचं उत्तर लिहिलेली मुलगी, चारपैकी चार मिळवलेली, मी पण मान डोलावली.

मॅडमच्या भावाला आम्ही दादा म्हणत होतो. त्यांनी रंगवायला घरामागं पडलेलं एक जुनं दार दिलं होतं. ते आम्ही तिघांनी उचलून पार खाली, पाण्याजवळ नेलं. बांबूवर उभं केलं. काकांनी दुपारपर्यंत काम केलं, निळा चांगला जमत आला होता. मग दार, डबे, सगळं तिथंच ठेवून जेवायला घरी.

ताटावर दादांनी सहज विचारलं, "दार कुठं ठेवलंत?"

"खाली. पाण्यापाशी."

दादांच्या हातातला घास थांबला. "खाली म्हणजे? अहो, भरती लागलीय."

काका शांतपणे म्हणाले, "आता कुठनं यील पाणी? पाऊस कुठाय?"

दादा उठून पळालेच. त्यांच्या मागं आम्ही. जाऊन बघतो तर समुद्र कालच्या जागेवर, आणि त्याच्यात आमचं दार तरंगतंय. काका धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले. काकू काठावरून ओरडतायत, "अवं, माघारी फिरा, धरणात पवायला येतं म्हणून हितं बी यील का?" दादांनी आणि काकांनी मिळून दार ओढून आणलं. निळ्याचा डबा गेला तो गेलाच.

मला वाटलं आता संपलं. ब्रश विहिरीत जायचे ते समुद्रात जाणार. पण काका त्या दाराशेजारी वाळूत बसले आणि बघत राहिले. ओल्या रंगाला वाळू चिकटलेली. आणि दारावर मधोमध, लाट येऊन थांबली होती तिथं, फेसाची एक वाकडी रेघ सुकत चाललेली. काका त्या रेघेवरून बोट फिरवत होते. मग माझ्याकडं वळले, आणि तो चेहरा मी विसरणार नाही, दहावीच्या निकालाला पोरांचा असतो तसा.

"पोरी, मी मधलंच पाणी काढत बसलो गं इतकी वर्सं. समिंदर मधी न्हाई. समिंदर कडंला हाय. जाऊन येतो ना, तिथं."

पुढचे तीन दिवस काय सांगू. पहाटे उजाडायच्या आधी माणूस वाळूवर. लाट जिथं थांबेल तिथं सुरूची काडी रोवायची, पुढची लाट बघायची, परत काडी. कोळणी जाता जाता हसायच्या, "पावण्यांची पेरणी झाली का?" काका म्हणायचे, "उगवू द्या, मग सांगतो." निळा रंग दुसरा आणू का विचारलं तर नको म्हणाले. मातकट, करडा, पांढरा, एवढ्यावरच चाललं. ओल्या वाळूत आभाळ दिसतं, ते सुकत जातं तसं आभाळ विझत जातं, हे मला त्यांनी हाताला धरून दाखवलं. मी आयुष्यात एवढा वेळ कशाकडंच बघितलं नव्हतं, मोबाइल सोडून.

परत आलो तर शाळा उघडायला थोडेच दिवस. काकांनी आधीची सगळी निळाई पांढऱ्यानं पुसली. मग भिंतीच्या तळापासून छातीपर्यंत नुसती वाळू. ओली, चमकणारी. त्याच्यावर पातळ काचेसारखं पाणी पुढं सरकतंय, फेसाची रेघ वाकडीतिकडी, आणि खरा समुद्र पार वर, वीतभर. हेडमास्तरांनी चष्मा पुसून बघितलं. "पेंटर, समुद्र कुठाय?"

"येतोय," काका म्हणाले.

शाळेचा पहिला दिवस. पोरांनी भिंतीखाली, त्या ओल्या वाळूला अगदी लागून, चपला काढलेल्या. काका लांब चिंचेखाली उभे, मी शेजारी. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मॅडम आल्या घाईघाईत, हेडमास्तरांशी बोलत, भिंत पुरी झाल्याचं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर तिकडं गेली, आणि त्या बोलता बोलताच वाकल्या आणि पोरांच्या चपला उचलून वरच्या पायरीवर ठेवायला लागल्या. एक जोड. दुसरा. तिसरा. चौथा हातात घेतला आणि थांबल्या. हातातल्या चपलांकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. मग त्या चपला तशाच हातात धरून पायरीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला.

काका हळूच मला म्हणाले, "चल. वळखला."

त्यानंतर जुलैत दादांचा फोन आला. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवायच्या असतात, नावं घालायची असतात, आणि तिथं फ्लेक्स टिकत नाही. काका महिनाभर गेले, आले, परत गेले. आणि आज सकाळी दोघं कायमचेच गेले. मी स्टँडवर सोडायला गेले होते. काकू एसटीच्या खिडकीतून मला सांगत होत्या की तिथं भाकरी सुद्धा तांदळाची खातात. मी काकांना विचारलं, "तिथं तर समुद्र समोरच आहे. मग तुम्ही होड्यांवर काढणार काय?"

"डोंगर," काका म्हणाले. "तिथल्या लोकांनी लांबनंच बघितलाय. त्यांना वाटतंय निळा असतो."

गाडी हलली. मी दुकानात आले, डोळे पुसले, कॉम्प्युटर चालू केला. लग्नाचा फ्लेक्स होता, नवरा-नवरीच्या मागं डोंगर लावायचा. नेहमीचा काढला, नेटवरचा. आणि पहिल्यांदा नीट बघितला. त्याच्यावर बर्फ होता. तीन वर्षं मी आंबेगाव-जुन्नरच्या नवरा-नवरींच्या मागं बर्फाचा डोंगर लावतेय, आणि मला ते दिसलं सुद्धा नव्हतं. आमचे डोंगर तर खिडकीतून दिसतात. पण आमच्या डोंगराचा कडा खालून कसा दिसतो, गवत कुठं संपतं, दगड कुठं सुरू होतो, विचाराल तर मला सांगता येणार नाही.

बर्फ काढून टाकलाय. रविवारी घाटघरला जातेय, वही घेऊन, नुसती बसणार आहे कड्यासमोर.

आता तुम्ही सांगा ना, मला खरंच ऐकायचंय. तुमचं पण झालंय का असं कधी, की एखादी गोष्ट रोज बोलत होता, काढत होता, लोकांना दाखवत होता, आणि एक दिवस कळलं की आपण ती बघितलेलीच नाही?