कापलेली चौदा मिनिटं

कवळ्या करणाऱ्या मामांना मी पंचवीस वर्षं ओळखतो. त्यातली निदान चोवीस ते रागावलेलेच आहेत. उरलेलं एक वर्ष त्यांना घशाचा त्रास होता.

मी दातांचा डॉक्टर. पेशंटच्या जबड्याचं माप मी गुलाबी लगद्यात घेतो आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दोन जिने खाली मामांच्या खोलीत पाठवतो. मामा त्यात प्लास्टर ओततात. ते घट्ट झालं की वरचं माप उकलतात, आणि आतून हुबेहूब जबडा निघतो. त्या साच्यावर कवळी रचायची. त्यांचा एकतीस वर्षांचा भाचा धंद्यात भागीदार आहे. तो ‘मामा’ म्हणतो म्हणून सगळी इमारत म्हणते, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे वॉचमनसुद्धा.

प्लास्टर घट्ट व्हायला पंचेचाळीस मिनिटं लागतात. मामांच्या खोलीत घड्याळ नाही. तिथे एक टेप आहे आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटी आहेत. प्लास्टर ओतलं की मामा बटण दाबतात. बाजू संपून बटण खटकन वर आलं की माप उकलतात. त्यांचा सगळा हिशेब बाजूंत. “डॉक्टर, दोन बाजूंनी या,” म्हणजे दीड तासाने.

कॅसेटींवर प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगतो: गाणं सुरू झालं की चहा टाकावा. पहिला शब्द येईपर्यंत चहा पिऊन कप विसळून होतो. मध्येच नुसता वारा वाहतो. मग लांबून कुठूनतरी ऑर्गन येतो, सावकाश, थकबाकी मागायला नव्हे, नुसता भेटायला आलेल्या पाहुण्यासारखा. मामांचे केस कमरेपर्यंत होते त्या काळातलं हे वेड. केस गेले, ते राहिलं.

रागाचं मूळही तिथलंच. मामा एकोणीस वर्षांचे असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर शनिवारी दुपारी अर्धा तास या बँडांचे व्हिडिओ लागत. एका व्हिडिओत अंगावर झूल पांघरलेला दाढीवाला धुक्यातून जिना चढतो. चढतो, चढतो, वर एक दार आहे. नऊ मिनिटांचं गाणं. चौथ्या मिनिटाला निवेदिका हसत आली आणि म्हणाली, आता बातम्या. मामांनी टीव्ही केंद्राला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

“ती नोंद मला दाखवा,” असं मामा अजूनही म्हणतात. समोर टीव्ही केंद्राचं कुणी नसतं, मी असतो.

तर गेल्या महिन्यात टेपचा रबरी पट्टा तुटला. असला पट्टा आता मिळत नाही. भाच्याने मामांच्या साठीचं निमित्त साधून सगळ्या कॅसेटी मोबाइलवर उतरवून दिल्या. प्रेमाने केलं होतं पोराने, तीन रविवार घालवून. मामा “बरं” म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे सत्कारच.

त्याच आठवड्यात माझ्याकडे निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. खालच्या जबड्यात समोरचे चारच दात शिल्लक, आणि माप घेताना घशात हात गेल्यासारख्या उमळायच्या. पहिल्या खेपेला माझं बोट चावलं, दुसऱ्या खेपेला चष्मा उडवला, तिसऱ्या खेपेला माप मिळालं. जाताना म्हणाल्या, “डॉक्टर, हे पुन्हा होणे नाही. त्यापेक्षा मी पेज पिऊन जगेन.”

माप खाली गेलं. तासाभराने मला मामांचा आवाज ऐकू आला. दोन जिने वर.

मी उतरलो. टेबलावर साचा होता, पण समोरचे चारही दात मुळापासून मोडलेले. ते फाटलेल्या मापातच अडकून बसले होते. प्लास्टर अजून कच्चं होतं.

“एकतीस मिनिटं,” मामा मोबाइलचा पडदा माझ्यासमोर धरून म्हणाले. “डॉक्टर, याने माझ्या पंचेचाळीस मिनिटांची एकतीस केली.”

भाचा भिंतीला चिकटून उभा होता. “मामा, तिथे काही नव्हतंच रे. नुसत्या रिकाम्या जागा होत्या. शांतता काढून टाका असं एक बटण असतं, ते दाबलं. तुझा वेळ वाचावा म्हणून.”

“माझा वेळ? तू भिंती ठेवल्यास आणि खोल्या पाडल्यास. तो वारा दोन मिनिटं वाहतो म्हणून नंतरचा ऑर्गन ऑर्गन आहे, नाहीतर रिक्षाचा भोंगा. टीव्हीवाल्यांनी कापलं ते परके होते. तू तर घरचा.”

“इतकं होतं तर गाणं चालू असताना का नाही बोललास?” भाच्याचाही पारा चढला होता. “चौदा मिनिटं गेली मामा. तुलाही कळलं नाही.”

मामांचं तोंड उघडं राहिलं. मी पंचवीस वर्षांत ते असं बिनकामाचं उघडं पाहिलं नव्हतं.

“घासायची मोटर चालू होती,” ते म्हणाले.

“रोज चालू असते.”

मामांनी मोटरकडे पाहिलं. तिचा आवाज असा की शेजारी माणूस रडला तरी ऐकू येऊ नये. म्हणजे गेली कित्येक वर्षं ते फक्त मोठे मोठे भाग ऐकत होते. वारा त्यांनी स्वतःच बुजवला होता. त्यांनी मोडलेला साचा उचलला आणि डब्यात असा आपटला की भाचा नव्हे, मीच दचकलो. तो राग आता कुणावर होता हे विचारायची गरज नव्हती.

बाईंना फोन मी केला. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं.

“शांतता पुसली?” बाई म्हणाल्या. “वर्गात ती आणायला माझी पस्तीस वर्षं गेली. गुरुवारी येते. त्या मुलाला माझ्या तोंडाशी पेला धरायला उभं करा.”

गुरुवारी बाई आल्या. उमळल्या, भाच्याच्या शर्टावर उमळल्या, पण माप दिलं. तोवर कॅसेटी माळ्यावरून उतरल्या होत्या, आणि मामांनी माझ्या हातमोज्याची मनगटाकडची किनार कापून टेपला पट्टा म्हणून चढवली होती.

प्लास्टर ओतलं. मामांनी मोटरचा प्लग उपटून खिशात घातला. बटण दाबलं.

“बसा,” म्हणाले. आम्ही बसलो. अकराव्या मिनिटाला वारा आला. भाच्याचा हात मोबाइलकडे गेला. मामांनी मोबाइलवर प्लास्टरचं वाडगं उपडं घातलं.

“मला काहीच ऐकू येत नाहीये,” भाचा पुटपुटला.

“मलाही येत नाहीये,” मामा दात आवळून म्हणाले. “गप्प बस म्हणजे येईल.”

बटण खटकन वर आलं. मामांनी माप भाच्याच्या हातात दिलं. “उकल.”

त्याने जपून उकललं. चारही दात जागच्या जागी, बाईंसारखेच ताठ. मामांनी ते उजेडात धरून पाहिले, माझ्या मनगटावरच्या घड्याळात डोकावले, आणि माझ्याकडे वळले. कपाळावरची शीर उडतच होती.

“डॉक्टर, सूर उतरलाय. बाजू पावणेदोन मिनिटं जास्त चालली. तुमचा हातमोजा सैल आहे.”