शालनमावशीचं विमान

शालनमावशीच्या आमटीला कुणी नावं ठेवली, तर ती पदर खोचून भांडायला उभी राहायची. पण जेवण झालं की तीच आम्हाला दंडाला धरून मागच्या खोलीत न्यायची आणि म्हणायची, "आता बस हितं. आन् ह्यात खोटं कुठं हाय ते सांग." तिथे मात्र कितीही नावं ठेवा, तिला ती हवीच असायची.

मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना लागून एक टेबल. त्यावर संगणकाचा मोठा पडदा, कडेला आवळून बसवलेलं विमानाचं हँडल आणि समोर जुन्या ट्रॅक्टरचं स्प्रिंगवालं सीट. बारामतीत धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही खानावळ. विमान शिकायला आलेली आम्ही पोरंपोरी तिथेच जेवायचो. मावशी मूळची शेळगावची. विमानात ती कधी बसली नव्हती आणि बसायची हौसही नव्हती. "माजं पाय भुईवर बरं हायती," म्हणायची.

घरबसल्या विमान उतरवायचा सराव करण्याचा हा सगळा खटाटोप होता तिच्या मुलासाठी, प्रशांतसाठी. तो आमच्याबरोबरच शिकत होता. एकदा एकटा उतरत असताना त्याचं विमान धावपट्टीवर आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि पुढचं चाक मोडलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर शेजारी आम्हाला शिकवणारे कॅप्टन सर बसलेले असतानाही जमीन जवळ आली की त्याचे हात गोठायचे, आणि सरांना विमान ताब्यात घ्यावं लागायचं. शेवटी सरांनी सांगून टाकलं, "दिवाळीआधी परीक्षा घेतो. त्यात मला हँडलला हात लावावा लागला, तर तुझं इथलं शिक्षण संपलं."

प्रशांत घरी यायचा, त्या यंत्रावर बसायचा आणि एकामागून एक विमानं अलगद उतरवायचा. "बघ आई, येतंय की मला. भ्याबिया काय न्हाय," असं वर आम्हालाही ऐकवायचा.

एके दुपारी भाकरी थापता थापता मावशीने मला विचारलं, "पोरी, घरात उतरतंय, मग तितं का उतरंना?" मी जाऊन हँडल धरून पाहिलं. ते नुसत्या बोटाने हलत होतं. मी तिला म्हटलं, "मावशी, खरं विमान एवढं गरीब नसतं. उतरताना नाक उचलायला चांगला जोर लावावा लागतो. त्यात दुपारची हवा. नांगरलेल्या रानावर ती विमान वर उचलते आणि पुढे भिजल्या उसावर आलं की ते खाली बसतं. इथे यातलं काहीच होत नाही."

मावशीने तवा खाली उतरवला. "म्हंजी हे यंत्र माज्या पोराला ग्वाड बोलून फशिवतंय," ती म्हणाली. इतकी चिडलेली मी तिला आमटीवरूनही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून हँडलच्या दांड्याला बांधल्या. मग जो जेवायला येईल त्याला ओढायला लावायचं आणि विचारायचं, "किती कमी हाय? चिमूटभर का मूठभर?" आम्हालाही तीच भाषा लागली. एकाला ते हँडल अळणी वाटायचं, दुसऱ्याला खारट. दोघांचं जमेपर्यंत मावशी ताक वाढायची नाही.

पडद्यावरचं विमान हलायचं, पण सीट मात्र जागच्या जागी. यावर मावशीनेच उपाय काढला. प्रशांतला सीटवर बसवलं, स्वतः मागे पाट टाकून बसली आणि दोन्ही हातांनी सीट खालून धरलं. डोळे गच्च मिटलेले, कारण पडदा पाहिला की तिला गरगरायचं. मी "नांगरट!" म्हणून ओरडले की ती सीट वर रेटायची, आणि "ऊस!" म्हटलं की एकदम सोडून द्यायची. आम्हाला हसू आवरेना. प्रशांत मात्र हसला नाही. त्याचं विमान दाणकन आपटलं.

"आई, सोड! इमान आसं नसतंय!" तो ओरडला.

"असंच असतं," मी म्हणाले.

तो न जेवता निघून गेला. मला मनापासून भीती वाटली. पोरगं कायमचं खचलं तर त्याला आम्हीच कारण होणार होतो. "मावशी, थोडं कमी करूया का?" मी विचारलं.

"न्हाय. भ्यायचं आसंल तर घरात भी म्हनावं. हितं मी हाय. वर कोन हाय त्याला?"

तो परत आला, आणि मग रोजच विमान आपटू लागला. हळूहळू त्याला एक गोष्ट उमगली. विमान उसळलं की ते तिथेच टेकवायचा हट्ट धरायचा नाही, इंजिनाला पूर्ण जोर देऊन सरळ वर जायचं आणि नव्याने यायचं. पण घाबरलो, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. शर्ट घामाने भिजायचा आणि हा म्हणायचा, "लई उकडतंय बगा."

परीक्षेच्या दुपारी मावशी खानावळीला कुलूप लावून धावपट्टीच्या कुंपणाशी आली. ऊन रणरणत होतं. प्रशांतचं विमान खाली येऊ लागलं. नांगरटीवर ते उचललं गेलं, तसे मावशीचे रिकामे हातही वर गेले. उसावर ते बसलं. मग धावपट्टीला टेकलं आणि उसळलं. मावशीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. इंजिन गरजलं आणि विमान आमच्या डोक्यावरून वर निघून गेलं.

"सायबानं हात लावला का गं?"

"इथून दिसत नाही, मावशी."

ते विमान वळून परत आलं. या वेळी ते नीट टेकलं आणि धावत गेलं.

सर उतरले आणि आमच्याकडे न बघताच कार्यालयात गेले. त्यामुळे तर माझा धीरच सुटला. प्रशांत कुंपणापाशी आला. मावशीने विचारलं, "वर न्हेलं ते कुनी?"

"मीच न्हेलं. सरांनी हात मांडीवरनं हलिवला न्हाय. पास केलं मला." एवढं सांगून त्याने मान खाली घातली. "पन आई, लई भ्यालो हुतो गं. घरात बी रोज भ्यायचो. तुला बोललो न्हाय."

मावशीने कुंपणाच्या जाळीतून बोटं घालून त्याची बोटं धरली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "सीट मी धरत हुते न्हवं? तुजं कापनं रोज माज्या हातात यायचं."