सुलभाचा बिनसाखरेचा चहा

"वहिनी, सुलभा गेली..." एवढंच तिचे यजमान मधुकरराव फोनवर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कावीळ म्हणजे काय मोठंसं, पथ्य पाळलं की माणूस उठून कामाला लागतो, असं मीच तिला ठणकावून सांगितलं होतं. ती उठली नाही. आदल्या दिवशी दुपारी मी ठाण्याला इस्पितळात तिला पाहून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताला सुई, वर टांगलेली बाटली. लिव्हर काम करत नाहीये, अंगातली साखर उतरत चाललीय, असं सिस्टर म्हणाली. सुलभानं खुणेनं मला जवळ बोलावलं. "नलू, बाटलीवर काय लिहिलंय बघ गं." मी वाचलं, ग्लुकोज. "त्याच्या नळीतूनही हेच जात होतं. मला चढत नाही बघ... मग त्यालाच कशी चढली?" मला रडू आलं आणि तिचा रागही आला. इतकी वर्षं झाली, बाईचं अजून तेच!

'त्याला' म्हणजे तिच्या मुलाला. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट असेल. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. सातवा लागला तसं आम्ही बिल्डिंगमधल्या बायकांनी हौसेनं डोहाळजेवण केलं. सुलभा भारी गोडघाशी, चहात साखर घालते की साखरेत चहा ओतते असं मी तिला चिडवायची. झाकलेल्या दोन वाट्यांतली एक तिनं उघडली, पेढा निघाला, मुलगा होणार म्हणून एकच गलका झाला. बयेनं पेढा तर खाल्लाच, दुसऱ्या वाटीतली बर्फीही सोडली नाही. हसून हसून आमची पुरेवाट झाली. आणि त्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. आधी कल्याणचा दवाखाना, तिथून ठाणे. मूल जन्मलं ते ओंजळीत मावेल एवढं, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या.

त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. दूध पचायची ताकद नव्हती, म्हणून शिरेतून ग्लुकोज चालू होतं. टाचेला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचे, पट्टीचा रंग गडद झाला की डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडायचा. बाळाची साखर चढलीय, म्हणायच्या. आता आपल्याकडे साखर झाली म्हणजे मधुमेह, दुसरा अर्थ कोणाला ठाऊक? सुलभाच्या सासूबाई बाकावर बसल्या बसल्या बोलून गेल्या, "पोटुशी बाईनं इतकं गोड खाल्लं की पोराला साखर होणार नाही तर काय!" म्हातारी संध्याकाळपर्यंत बोललेलं विसरलीसुद्धा. सुलभाच्या मात्र ते काळजात रुतलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं. "अहो, तुमच्या खाण्याचा काडीचाही संबंध नाही. बाळ फार लवकर आलंय, नळीतून दिलेली साखर त्याच्या शरीराला अजून जिरवता येत नाही. ग्लुकोज कमी करावं तर त्याला पोसायचं कशावर, आणि आहे तेवढं ठेवावं तर साखर चढते, लघवीवाटे अंगातलं पाणी जातं." सुलभा मान डोलवत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "किती चांगल्या आहेत गं, माझं मन राखायला खोटं बोलल्या." मी कपाळाला हात लावला. साखर खाली आणता आणता बाळाचा जीव दमला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला, आणि बारसं व्हायच्या आधीच ते गेलं.

दात न आलेल्या बाळाचं सुतक ते केवढं! तेरावं नाही, गोडाचं जेवण नाही. एरवी घरात कुणी गेलं की तेराव्याला चार माणसं जमतात, बळेबळे घास भरवतात, तोंड गोड करतात, म्हणजे आता पुरे, उठा, असं सांगतात. सुलभाला तसं कुणी सांगितलंच नाही. तिनं साखर सोडली ती सोडलीच. रोज दुपारी माझ्याकडे चहाला यायची. चहाला उकळी आली की मी आधी तिचा कप गाळून घ्यायची आणि मग पातेल्यात साखर टाकायची. मी भांडले, शपथा घातल्या, एकदा तर चिमूटभर साखर तिच्या कपात चोरून टाकली. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "नको ना गं नलू... एकदा खाल्लं ते पुरे झालं." कप्पाळ माझं! दुसरं मूल तिला झालं नाही. तिची समजूत घालण्यात मी हरले, मधुकरराव हरले, ती डॉक्टरीणही हरली. दोष तिचा नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, तिला सोडून.

तिच्या तेराव्याला श्रीखंड होतं. मधुकररावांनी हात जोडून सगळ्यांना आग्रह केला, सगळ्यांनी तोंड गोड केलं. मीही एक घास कसाबसा गिळला.

आता दुपारी चहा टाकते आणि उकळी आली की हात आपोआप तिचा कप आधी भरतो, साखर मागाहून. चूक लक्षात येईपर्यंत कप भरलेला असतो. काल तो ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून मीच पिऊन बघितला. कडूजार... दुसरा घोट माझ्याच्यानं घेववला नाही. माझी सुलभा हे रोज प्यायची, आणि तेही शिक्षा म्हणून.