पेन्सिलताई आणि सहावा चौकोन

‘माहीत नाही’ हे मान वर करून म्हणायला मला पेन्सिलताईंनी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी चुकलेली आहे, आणि माझ्या चुकीच्या गडबडीत त्यांचं नाव मागे राहायला नको.

त्यांचं खरं नाव वेगळं. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याकडे, रानात. तिथे त्या आल्या तेव्हा कानामागे पेन्सिल होती, आणि गेल्या तेव्हाही होती. पेन त्या वापरायच्याच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, “उत्तर माणसाचं असतं, सुनी. उद्या त्याला वेगळं वाटलं तर खोडता यायला हवं.” माणसं देवाबद्दल मनात काय काय धरून ठेवतात, हा त्यांचा अभ्यास. माझी माय हसून म्हणाली, “अन् हे पाहाचा पगार भेटते?” ताई म्हणाल्या, “अजून नाही भेटत, बाई.” माय इतकी हसली की तिने त्यांना जेवायलाच बसवलं.

मी आश्रमशाळा सातवीत सोडलेली. तिथे ‘माहीत नाही’ म्हटलं की तास संपेपर्यंत उभं राहावं लागे. पण मला गोंडी आणि मराठी दोन्ही येतं, म्हणून ताईंनी मला सोबत घेतलं. त्यांच्या कागदावर प्रश्न असायचा, देव किती जवळ वाटतो? पुढे एक ते पाचचे चौकोन. पाच म्हणजे अगदी जवळ. आणि शेवटी सहावा, ‘माहीत नाही’. गावात त्यावर कोणी बोट ठेवलं नाही. मायनं तर कागदच परत केला. “देव का शेजारी राह्यते, जवळ-दूर सांगाले?”

ताईंना कोणी सांगितलं नव्हतं तरी त्या नवा आंबा खात नव्हत्या. आमच्याकडे देवाला दिल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. पोरं म्हणायची, “खा ना ताई, तू बाहेरची आहेस, तुले काही होत नाई.” त्या म्हणायच्या, “तुम्ही थांबता, तर मीही थांबते.” त्यांचा स्वतःचा देव कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्यांना ताप आला आणि त्या आठवडाभर गडचिरोलीला गेल्या. राहिलेल्या घरांचे कागद मी भरायचे ठरले. शेजारच्या सोमीआजीचा लेक दोन वर्षांपूर्वी गेलेला. ती म्हणाली, “दोन लिव. देव माह्यासंग बोलत नाई, मी त्याच्यासंग बोलत नाई.” मी दोन लिहिले, आणि ते दोन मला बघवेनात. म्हटलं, “आजी, कसं दिसते हे? पाच करते.” आजी सुपात धान पाखडत म्हणाली, “कर मंग. तुलेच कागद पायजे.” मी खोडून पाच केले. मग जिथे कमी दिसलं तिथे तेच केलं. असे अकरा कागद झाले.

ताई परतल्या, कागद बघून खूश झाल्या. धर्माच्या मानसशास्त्रात नुकतं काम सुरू केलेल्या संशोधकांना एक बक्षीस मिळतं. त्यासाठी अर्ज करायचा होता. म्हणाल्या, “यंदा शेवटची संधी. पुढच्या वर्षी मी नवी राहत नाही.” रेंज फक्त बोडीच्या पाळीवर यायची. तळ्याच्या त्या बांधावर त्या लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या, बटण दाबायचंच बाकी होतं, आणि मी त्यांचा हात धरला.

“ताई, मी खोडलं.”

“काय?”

“देवाले कमी दिलं होतं. मी पाच केले.”

“किती कागद?”

“अकरा. पुन्हा विचारून येऊ ना?”

त्यांनी लॅपटॉप मिटला. “आता नाही चालणार. तुला कोणतं उत्तर आवडतं, ते त्यांना कळलंय.” आवाज चढला नाही, त्यानेच मला जास्त रडू आलं. मग त्यांनी विचारलं, “सोमीआजीचे किती होते?”

“दोन.”

“दोन,” त्या नुसत्याच म्हणाल्या.

त्यांनी ते अकरा कागद वगळले आणि खोडण्यावर एक पान लिहिलं, माझं नाव न घालता. मग अर्ज पाठवला. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं. पण परीक्षकांच्या पत्रात त्या एका पानाबद्दलच विचारलेलं होतं, त्या मुलीने का खोडलं? ताईंनी मला समोर बसवलं. “देवाच्या भीतीने, गावाच्या लाजेने, की माझ्यासाठी?”

मी सवयीने उठून उभी राहिले. “माहीत नाई.”

“बस,” त्या म्हणाल्या. आणि एक कोरा कागद घेऊन सहाव्या चौकोनात खूण केली, गावातली पहिली. “हेही उत्तर आहे. फक्त खरंच माहीत नसेल तरच.”

आंब्याच्या सणाआधीच त्या गेल्या. आंबा न खाताच.

आता मी तिरुपूरला आहे, कपड्याच्या कंपनीत, शिवलेल्या सदऱ्यांचे धागे कापते. इथे मी शिकलेला पहिला तमिळ शब्द ‘तेरियादु’, माहीत नाही. सुपरवायझर ओरडतो, पण मी म्हणते, आणि मग कोणी तरी दाखवून देतं. ताईंचा फोन येतो. जेवलीस का विचारतात, का खोडलंस ते विचारत नाहीत. मीच धागे कापताना विचारत असते. कधी वाटतं देवाला भ्याले. कधी वाटतं, ताईंना आमचं गाव चांगलं दिसावं एवढंच होतं. कधी तर वाटतं, आजीचं दुःख मलाच सोसवलं नाही. तिन्ही खरी वाटतात, मग एकही वाटत नाही.

ताईंची त्या बक्षिसाची संधी गेली, ती मी परत आणू शकत नाही. पण हे उत्तर मी त्यांना देईन. सापडलं की पेन्सिलीनंच लिहून पाठवीन. सोमीआजीच्या दोनसारखं, जसं असेल तसं.