आभाराच्या पानावर नसलेलं नाव

माझ्या नावामागे आज डॉक्टर लागतं, ते सगळ्यात जास्त दिनकर पोतनीसांमुळे. नातं काही नव्हतं, पण मी त्यांना काकाच म्हणायचो. पाच आठवड्यांपूर्वी टेक्सासातल्या अर्विंगहून काकूंचा फोन आला. "काका गेले रे," एवढंच म्हणाल्या...

काका नागपूरचे आर्किटेक्ट. टेक्सासात आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या सहीखाली पार्किंग गराजचे नकाशे काढले. मन मात्र अठराव्या शतकात, एका लहान मराठी राज्याच्या दरबारी स्थपतीपाशी. गोंदाजी त्याचं नाव. पाथरवटाचा मुलगा. राजाचा वाडा, देऊळ, नदीचा घाट त्यानंच बांधला. नवा राजा गादीवर आला, त्यानं आपला माणूस आणला आणि गोंदाजीला घरी बसवलं. देवळाच्या शिलालेखात राजा आहे, राणी आहे, दिवाणही आहे, गोंदाजी नाही. त्याचं नाव उरलं ते एका मोडी अर्जात: चाकरी नको, पण पावसाळ्यात वाडा कुठे गळतो तेवढं पाहायला आत येऊ द्या. तो अर्ज काकांनी शोधला होता.

२००३ साली मी याच विषयावर प्रबंध लिहायला टेक्सासातल्या विद्यापीठात आलो. तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. मोडी मला येत नव्हती, माझ्या प्रोफेसरांना तर नाहीच. तीन वर्षं दर शनिवारी त्यांच्या घरी काका मोडी कागद वाचायचे, मी लिहून घ्यायचो. ताटं गार व्हायची. गोंदाजीला भूक नसेल, तुम्ही तरी जेवा, असं काकू म्हणायच्या. अर्ज वाचून झाला त्या दिवशी काका बराच वेळ चष्मा पुसत बसले होते...

प्रबंधाची पहिली प्रत मी त्यांनाच दिली. आभाराच्या पानावरून त्यांनी बोट फिरवलं, नकाशातली चूक शोधावी तसं. प्रोफेसर होते, लायब्ररी होती, माझा रूममेटसुद्धा होता. काका नव्हते. मी म्हणालो, घरच्यांचे कसले आभार मानायचे, आमच्याकडे आईला कुणी थँक्यू म्हणत नाही.

"शिलालेखवाल्यांनीही गोंदाजीला घरचाच धरला असेल," काका म्हणाले.

काकूंनी सावरून घेतलं, की अहो, मुलगाच आहे तो आपला.

"तेच म्हणतोय. परका असतो तर दोन ओळींत तरी आलो असतो."

शनिवार बंद झाले. त्याच प्रबंधाच्या जोरावर मला नोकरी लागली, मी दूर गेलो. फोन केला की काकू उचलायच्या, काका झोपलेत म्हणायच्या, भर सकाळी. शेवटी गेल्या वर्षी मी पत्र लिहिलं. काकू सांगतात, त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात कुलपात ठेवलं. काय लिहिलंय, ते काकूंनाही सांगितलं नाही. म्हणून आता मीच सांगतो.

"तीर्थरूप काकांस, साष्टांग नमस्कार. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. आभाराच्या पानावर तुमचं नाव मी आधी लिहिलं होतं. मग वाटलं, प्रबंध तपासणारी कमिटी विचारेल, मोडी याला येते की पोतनीसांना? म्हणून खोडलं. घरची रीत मला तुमच्यासमोर उभा राहिल्यावर आठवली. प्रबंधातला मोडीचा प्रत्येक शब्द तुम्ही वाचलेला आहे. हे पत्र कुणालाही दाखवायची तुम्हाला मोकळीक आहे."