आईच्या रिटर्नवरचा पत्ता

मगदूमकाका दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. माधवनगरात त्यांचं आयकराचं रिटर्न भरून द्यायचं छोटं ऑफिस होतं. टेबल मुद्दाम तिरकं लावलेलं, येणारा माणूस आधी दिसावा म्हणून. प्रत्येक आकडा ते तीनदा वाचत आणि म्हणत, "मी भित्रा हाय, म्हणून माझ्या फायली साफ असत्यात." गेल्या वर्षी ते आजारपणात गेले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. पण त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

आई मला घेऊन वडिलांचं माधवनगरातलं घर सोडून आली, त्या वर्षीची ही गोष्ट. शेवटच्या भांडणात वडिलांनी तिचा हात दारात चेंगरला होता. दोन बोटं अजून वळत नाहीत. आम्ही पाटणला मामाकडे आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कळू नये, एवढंच आम्हाला हवं होतं.

पण वडिलांचे चार यंत्रमाग आईच्या नावावर होते. धंदा नवऱ्याचा, नाव बायकोचं. आमच्याकडे हे सर्रास चालतं. त्या वर्षीचं रिटर्न भरायची मुदत टळून गेली होती. दंडासह भरायला डिसेंबरअखेरपर्यंत वेळ होता, नाहीतर नोटीस आईच्या नावानं निघणार. बायकांना मिळणारं सरकारी अनुदानही ज्या खात्यात येई, त्याचं कार्ड वडिलांकडे. जुने कागद सगळे मगदूमकाकांकडे. म्हणून जीव मुठीत धरून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

आईनं नाव सांगितलं तसा काकांचा चेहरा उतरला. "वहिनी, सात वर्षं तुमचं रिटर्न भरतोय. तुमाला आज पहिल्यांदा बघतोय."

मी चाचरत विचारलं, "तुम्ही वडिलांना सांगाल का?"

ते उठले. शटर अर्धं खाली ओढून परत आले. "तुझ्या बापाला मी बी भितो, पोरी," एवढंच म्हणाले. त्या उत्तरानं माझी भीती वाढली.

मग त्यांनी कागदावर क्रम लिहून दिला. आधी आधारला वडिलांच्या जागी आईचा मोबाईल नंबर, मग तिचं वेगळं खातं, रिटर्न सगळ्यात शेवटी. "रिटर्नला आधी हात लावला तर मेसेज त्याच्या फोनवर जाईल. आधारला अंगठा लागतो. अंगठा तुमचा हाय वहिनी, त्याला कुणाची परवानगी न्हाई."

त्यासाठी पाटणहून आणखी दोन खेपा झाल्या. एसटीत आई तोंडावर पदर ओढून बसायची. मी खिडकीतून प्रत्येक मोटारसायकलवाल्याचा चेहरा बघायची.

तिसऱ्या खेपेला रिटर्न भरायला घेतलं. पत्त्याच्या रकान्यापाशी काकांची बोटं थांबली. "पाटणचा घालायचा न्हाई. जुना ठिवला, तर नोटीस त्याच्या हातात." त्यांनी दाराकडे बघितलं. मग हळूहळू आपल्या ऑफिसचा पत्ता टाईप केला.

"आवं काका, तुमच्यावर यील ते," आई म्हणाली.

"यील की," काका म्हणाले आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

रिटर्न गेलं. माहिती बदलल्याचा मेसेज मात्र जुन्या, वडिलांच्या नंबरावरही गेला. पावती प्रिंटरमधून निघत होती, तेवढ्यात आईनं बाहेरच्या गाडीचा आवाज ओळखला. काकांनी आम्हाला फायलींच्या खोलीत ढकललं.

"काका, कुणी केलं हे?" वडिलांचा आवाज.

"मी."

"कुणाला इचारून?"

"जिचं रिटर्न तिला."

"कुठं हाय ती?"

कागद सरकवल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "ही पावती. पत्ता हाय बघ त्यावर."

आईनं माझा दंड घट्ट धरला.

"हा तर तुझ्याच दुकानाचा!"

"मग काय इचारायचं ते हितंच यिऊन इचार."

खुर्ची पडली. काच फुटली. "परत यीन," वडील म्हणाले. गाडी लांब गेली तरी आम्ही हललो नाही.

बाहेर आलो तर काका टेबलाची कड धरून उभे होते. आईनं दिलेलं पाणी निम्मं त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. "सात वर्षं तुमच्या नवऱ्याला इचारून भरलं, वहिनी," ते म्हणाले. "सोपं हुतं."

ते आम्हाला एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आले. दहा पावलं मागे, सारखे वळून बघत. आम्ही चढल्यावरही बसच्या दाराशी उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुमी येताय का?" काकांनी नकारार्थी मान हलवली.

बस निघाली. आम्ही सुटलो होतो, आणि काकांना त्या पत्त्यावर परत जायचं होतं. त्यांनी रस्ता दोन्हीकडे नीट बघितला आणि ऑफिसच्या दिशेनं चालायला लागले.